पाखरांच्या काठाचं घर

फार फार पूर्वी, म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही मिसरूड फुटायच्या आधी, नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. कोंबडा आरवायच्या आत घराघरांतले माग सुरू व्हायचे. खटाक्-खट, खटाक्-खट! पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला त्या आवाजानं झोप लागायची नाही, आणि आपल्या घरी परत गेला की तिथल्या शांततेनं लागायची नाही. असं ते गाव.

त्या गावात एकच घर गप्प होतं. तिथं एक म्हातारा विणकर आणि त्याची बायको राहायची. एका सकाळी लांबच्या गावाहून लेकीच्या आजारपणाचा निरोप आला, तशी दोघं भरल्या ताटावरून उठली. दार ओढलं, कडी घातली आणि शेजारणीला म्हणाली, "आलोच चार दिवसांत." ती काही परत आली नाहीत. कुणी म्हणे लेकीकडेच राहिली, कुणी म्हणे आणखी काही. लोकांचं काय घेऊन बसलात, लोक काहीही बोलतात! दिवस गेले, वर्षं गेली, घर तसंच राहिलं.

आता त्या गावाची एक रीत ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. घर असं रिकामं पडलं, की बारा वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही. तेराव्या वर्षी दार उघडायचं. आत मागावर जे कापड अर्धवट असेल, अगदी तसंच कापड, त्याच विणीचं, त्याच नक्षीचं, एक वीतभर विणून दाखवील त्याला ते घर द्यायचं. आतल्या भांड्याकुंड्यांसकट! विणकरांचं गाव ना, तिथं घर मिळवायचं तर हातच चालवून दाखवावा लागायचा.

तेरावं वर्ष लागलं आणि गावात नुसती धांदल उडाली. उमेदवार मात्र दोनच उभे राहिले. कारण म्हाताऱ्याच्या मागावर होता पाखरांचा काठ, आणि तो भल्याभल्यांना येत नव्हता.

पहिला उमेदवार केरोबा. गावातला नावाजलेला विणकर. हात खरंच चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याहून तोंड मोठं. "माझ्या फणीतून निघालेल्या कापडात पाणी धरलं तर गळत नाही," असं तो येताजाता सांगायचा. राहायला घर होतं, दोन माग होते. तिसरा माग मांडायला त्याला हे घर हवं होतं.

दुसरी होती सगुणा. ती आणि तिचा नवरा सोपान एका गुरांच्या गोठ्यात, एका कोपऱ्यात राहायची. गोठ्यात माग कुठं मावणार? दोघं लोकांच्या मागावर राबायची आणि रात्री गोठ्यात येऊन टेकायची. आता तर तेही जाणार होतं. गोठ्याची मालकीण दार उघडायच्या आदल्याच दिवशी म्हणाली होती, "सगुणा, गाय व्यायला झालीय गं. येत्या अमावास्येपर्यंत कोपरा मोकळा करा बाई." अमावास्या अवघी दहा दिवसांवर. डोक्यावर छप्पर हवं तर पाखरांचा काठ विणायलाच हवा, दुसरा मार्ग नव्हता.

दार उघडायचा दिवस आला. सगळा गाव अंगणात लोटला. निवाडा करणाऱ्या तीन म्हाताऱ्या होत्या. त्यांतली सर्वांत थोरली मुक्ताक्का. तिनं काठी टेकवत कडी काढली, दाराला खांदा लावला आणि दार असं काही करकरलं की पुढची पोरं मागच्यांच्या पायांवर पडली!

"आधी नुसतं बघायचं," मुक्ताक्का म्हणाली. "चौघंच आत चला. मी, केरोबा, सगुणा आणि तिचा नवरा. हात लावाल तर काठी आहे माझ्याकडे."

आत पाऊल टाकलं आणि सगुणा बघतच राहिली. अहो, घर रिकामं कुठं होतं! माणसं तेवढी नव्हती. बाकी सगळं होतं तिथं होतं.

चुलीपाशी दोन पितळी ताटं. सुपात तांदूळ, अर्धे निवडलेले, काढलेले खडे एका बाजूला. भिंतीवरच्या खुंटीला मुंडासं, त्यात कोळ्यानं बिऱ्हाड केलेलं. ओसरीच्या कोपऱ्यात सारीपाट मांडलेला, डाव अर्ध्यावर.

"अगं, हे बघ, हे बघ!" सोपान पोरासारखा उड्या मारत होता. "पिवळी सोंगटी आणखी दोन घरं गेली असती तर जिंकली असती बघ! कुणाची असेल गं? म्हातारीचीच असणार!"

"अहो, हळू," सगुणा म्हणाली, पण तिचेही डोळे भिरभिरत होते. कोनाड्यात लाकडाची ठकी बसलेली, तिला चिंधीचं लुगडं नेसवलेलं, पदरसुद्धा खोचलेला. लेक सासरी गेली तरी आईनं तिची ठकी जपून ठेवली होती. ते बघून सगुणाला भरून आलं. आणि शेजारीच पेटारा, झाकण अर्धवट उघडं, आत रंगीत सुताच्या लडीच लडी! हिरव्या, तांबड्या, हळदी. बारा वर्षं अंधारात राहून रंग जराही उतरला नव्हता.

सोपाननं तेवढ्यात एका बरणीचं झाकण उचललं, आत बोट घातलं आणि चाटलं. फटकन काठी बसली.

"लिंबाचं लोणचं आहे, अक्का!" तो हात चोळत म्हणाला. "काय मुरलंय! मार खाल्ल्याचं वाईट वाटत नाही!"

मुक्ताक्कालाही हसू आलं. तीही मग जरा बाजूला बघायला लागली, आणि त्या बरणीत दुसरं एक बोट गेलं. कुणाचं ते मी सांगणार नाही.

मग चौघं माजघरात आली. तिथं माग होता. मागावर अर्धवट साडी. वरची धूळ मुक्ताक्कानं पदरानं झटकली आणि खालून हिरवागार रंग आला, काठावर तांबडी पाखरं! एक पाखरू पुढं बघतंय, दुसरं मान वळवून मागं बघतंय, तिसऱ्यानं चोच पंखात खुपसलीय. आता उडतील की काय, असं वाटायचं. सगुणाला कापड नाही बघवलं जास्त वेळ. हात शिवशिवायला लागले तिचे. हे आपल्याला जमलं नाही तर, असंही मनात आलं.

मागाच्या दातेरी फणीमागं दोऱ्याच्या फासांची जाळी होती; तिच्या पलीकडचे दोरे मात्र उंदरांनी कुरतडून टाकले होते. तुटके दोरे जमिनीवर लोंबत होते.

"चार दिवस केरोबाचे," मुक्ताक्का म्हणाली, "तो वयानं मोठा. त्याला जमलं तर घर त्याचं. नाही जमलं तर पुढचे चार दिवस सगुणाचे."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला आणि केरोबा बाह्या सरसावून घरात शिरायला एकच गाठ पडली. त्याचंही अंग उत्साहानं नुसतं फुरफुरत होतं. आल्या आल्या त्यानं झाडलोट केली. "काय हा कचरा! काय हा कचरा!" सूप गेलं, मुंडासं गेलं, सारीपाट गेला, ठकी गेली. सगळं परसात, ढिगाऱ्यावर! पेटारा आणि पितळी ताटं तेवढी त्यानं नीट बाजूला ठेवली. तेवढी अक्कल शाबूत होती.

मग तो मागाकडे वळला. कात्री घेतली आणि फणीपुढं चार बोटं सोडून ती साडी कराकरा कापून काढली. दारात उभं राहून गावाला दाखवली. "हा नमुना समोर टांगला की झालं! डोळ्यांनी बघायचं आणि हातांनी विणायचं. उंदरांचं उष्टं कोण सांधत बसणार?" असं म्हणून जुनी फणी, तिच्या मागची दोऱ्यांची जाळी, सगळं एका झटक्यात उचकटलं आणि परसात भिरकावलं. तिथं आपली स्वतःची चकचकीत फणी बसवली.

तुम्ही म्हणाल, केरोबा एवढा मुरलेला विणकर, जुनी फणी टाकायची नसते हे त्याला कळू नये? कळत होतं हो! पण आपली फणी मिरवायची घाई झाली, की कळणारा माणूसही ऐनवेळी वेड्यासारखं करतो. मला तर असल्या माणसांचा राग येतो. असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरातून आवाज आला. खटाक्-खट! गाव टाळ्या पिटायला लागला. बारा वर्षांनी माग बोलला! गोठ्यात सगुणानं तो आवाज ऐकला आणि हातातली भाकरी तशीच राहिली.

"संपलं आपलं," सोपान म्हणाला.

"थांबा हो. आवाज कुणीही काढील. पाखरं निघायला हवीत."

आणि पाखरंच तर निघेनात! केरोबा नमुन्याकडे बघे, दोरे उचले, त्यांतून आडव्या सुताचा धोटा टाके. पाखराची चोच निघायची तिथं शेपूट निघे. उसवलं, पुन्हा विणलं. आता मान आखडली. पुन्हा उसवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तीन म्हाताऱ्या आल्या तेव्हा वीतभर कापड तयार होतं, घट्ट, सुबक, एक दोरा इकडचा तिकडे नाही. फक्त काठाकडे बघून मधली म्हातारी म्हणाली, "बाबा केरोबा, ही पाखरं आहेत की देठासकट वांगी?"

गाव खो-खो हसला. केरोबा लालबुंद झाला. "मला नाही जमलं ते कुणालाच जमणार नाही," असं म्हणत त्यानं आपली फणी सोडवून घेतली आणि तरातरा निघून गेला.

आता सगुणाचे चार दिवस. पहाटेच दोघं आली. घर स्वच्छ होतं, पण कसं भकास दिसत होतं! माग नुसता लाकडाचा सांगाडा. जुने दोरे नाहीत, फणी नाही; केरोबानं ती कुठं टाकली कुणास ठाऊक. भिंतीवर टांगलेला नमुना तेवढा. सगुणानं नमुना हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. पाखरं दिसत होती, पण दोरा कुठून कुठं गेलाय ते काही उलगडेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे बघून येणार नाही हो," ती म्हणाली. "केरोबादादांचं काही चुकलं नाही ह्यात. कुणालाच येणार नाही."

सोपानला तिचं रडणं बघवेना. थंडीही मरणाची होती. "तू बस. मी परसातला कचरा पेटवतो आणि तुला पाणी तापवून देतो," असं म्हणून तो मागं गेला. ढिगाऱ्याला एका बाजूनं काडी लावली. वाळलेलंच सगळं, भुरभुर पेटलं.

सगुणा हात शेकायला म्हणून परसात आली. जाळ ढिगाऱ्यावर चढत होता. सूप पेटलं. आणि सुपाच्या पलीकडे तिला काय दिसलं? धुळीनं माखलेली एक लांब फणी, तिच्यापुढं चार बोटं हिरव्या कापडाची पट्टी, आणि मागं दोऱ्यांची जाळी!

"अहो, विझवा! विझवा!" ती अशी ओरडली की सोपानच्या हातातली घागर सुटता सुटता राहिली. तिनं वाट बघितली नाही. लुगड्याचा ओचा वर खोचला, जाळात हात घातला आणि फणी ओढून काढली. पाठोपाठ सोपाननं पाणी ओतलं. ठकी वाचली, सारीपाट अर्धा जळला. सगुणाच्या मनगटावर फोड उठला, पण तिला त्याचं भानच नव्हतं.

"अगं, हात भाजलाय तुझा! त्या भंगारासाठी?"

"भंगार? अहो, हेच तर ते!" ती रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता. "बघा. एकेक दोरा फणीच्या एकेका दातातून गेलाय. मागं प्रत्येक दोरा आपापल्या फासात ओवलेला आहे. कुठला दोरा कुठल्या फासात, ह्यावरच तर पाखरू ठरतं! उंदरांनी फासांच्या पलीकडचे दोरे खाल्ले, पण ओवणी जशीच्या तशी आहे. म्हाताऱ्यानं सगळं ह्यात ठेवलंय. आपण फक्त प्रत्येक जुन्या टोकाला नवा दोरा गाठ मारून जोडायचा."

"किती टोकं आहेत?"

"असतील दोन हजार."

सोपाननं बाह्या सरसावल्या. तो म्हणाला, "मग बसलीस काय? चल की!"

पेटाऱ्यातल्या लडी निघाल्या. उभ्या दोऱ्यांचा ताणा लावून झाला. दोघं समोरासमोर बसली आणि गाठी सुरू झाल्या. एक जुनं टोक, एक नवा दोरा, पीळ, गाठ. एक जुनं टोक, एक नवा दोरा. घाई केली की जुना दोरा तुटायचा, मग त्याला थुंकी लावून पुन्हा. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. घरातून हूं की चूं नाही. लोक कुंपणाशी येऊन कान लावायचे.

"केरोबाचा माग तरी बोलला होता," कुणी म्हणालं. "हिचा मुकाच आहे."

तिसऱ्या दिवशी दोघं फणीच्या उजव्या कडेला आली आणि सगुणाचा चेहरा पडला. फणीचं तेवढं टोक जाळात करपलं होतं. तिथले अकरा दोरे, फासांसकट, जळून गेले होते. नेमके काठातले!

सोपाननं कपाळावर हात मारला. "माझ्यामुळं झालं गं. मीच काडी लावली."

सगुणानं ते करपलेलं टोक निरखून बघितलं. मग उठून दुसऱ्या बाजूला गेली, डाव्या काठाचे दोरे बोटानं मोजले, पुन्हा मोजले आणि ओरडली, "अहो, साडीला काठ दोन असतात की नाही? डावीकडची पाखरं उजवीकडं बघतात, उजवीकडची डावीकडं. ओवणी तीच, फक्त उलटी! तुम्ही डावीकडून सांगा, मी उजवीकडं नवे फास बांधून ओवते!"

सोपान एकेक दोरा सांगत गेला, सगुणा एकेक ओवत गेली. अकराव्याला तर दोघांनी श्वासच रोखून धरला होता. झालं!

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं मागावर चढलं. सगुणा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, हात जोडले, धोटा उचलला. खटाक्-खट. खटाक्-खट. दहा ओळी, वीस ओळी. नुसत्या तांबड्या रेघा दिसत होत्या. सोपान नखं खात उभा होता. तिसाव्या ओळीला एक चोच निघाली.

"निघाली! निघाली गं बाई!" सोपान नाचतच अंगणात गेला. सगळी गल्ली धावून आली. आत चोचीला डोकं आलं, डोक्याला मान आली, मान वळली, पाखरू मागं बघायला लागलं! शेजारच्या पाखरानं पंखात चोच खुपसली. दारात, खिडकीत, कुंपणावर डोकीच डोकी. प्रत्येक पाखरू पुरं झालं की बाहेर पोरं आरोळी ठोकत.

सूर्य टेकायच्या आत वीत पुरी झाली. तिघी म्हाताऱ्या आल्या. मुक्ताक्कानं कापड बघितलंच नाही. तिनं डोळे मिटले, हात कापडाखाली घातला आणि काठाच्या पाठीवरून बोट फिरवत नेलं, म्हाताऱ्यानं विणलेल्या चार बोटांवरून सगुणानं विणलेल्या वितीवर. बोट कुठंही अडखळलं नाही.

"कुठं संपलं त्याचं आणि कुठं सुरू झालं हिचं, मला सांगता येत नाही," ती म्हणाली. तिनं सगुणाचा भाजलेला हात धरून दाराच्या कडीवर ठेवला. "आता गोठ्यात जायचं नाही, पोरी. इथंच दिवा लाव."

सोपान हमसून रडला. तो का रडतोय हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

गर्दी पांगली तरी केरोबा अंगणात उभा होता. सगुणानंच त्याला हाक मारली, "या ना दादा, आत या."

तो मागापाशी आला. फणीवरून, गाठींवरून, त्या करपलेल्या टोकावरून त्यानं हात फिरवला. "ही कुठं मिळाली तुला?"

"परसात. कचऱ्यात होती."

"मीच टाकली," केरोबा म्हणाला. "ह्या दोन हातांनी उचलून टाकली." तो वळला आणि लगबगीनं आपल्या घरी गेला. माळ्याला शिडी लावली, वर चढला आणि अडगळ उलटीपालटी करायला लागला. बांबू, पोती, फुटके हंडे धडाधड खाली येऊ लागले.

बायको घाबरून धावत आली. "अहो, काय शोधताय एवढं?"

"बाबांची फणी. बाबा गेले तेव्हा त्यांच्या मागावरची उतरवून वर ठेवली होती ना? त्यांचा मोराचा काठ होता तिच्यात. ते गेल्यापासून मला तो एकदाही साधला नाही. कुठं आहे ती?"

बायको हळूच म्हणाली, "अहो, ती? मागच्या थंडीत तुम्हीच नाही का फोडून चुलीत घातलीत? पाणी तापवायला."

केरोबा माळ्यावरून खाली उतरलाच नाही.

तात्पर्य काय, तर पोरांनो, मागच्या माणसानं जे ठेवून दिलंय ते फेकायच्या आधी एकदा हातात घेऊन नीट बघा, आणि ते कशासाठी ठेवलं असेल हे स्वतःला विचारा. कारण त्यांचा हात जिथं थांबला, तिथूनच आपल्याला पुढं विणायचं असतं.